वादळाच्या वाटेकडे डोळे

ओक्लाहोमात पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी भर दुपारी बारा वाजता, मी लेकीच्या जेवणाच्या टेबलाखाली शिरलो. शिरलो म्हणजे निम्मा शिरलो. पुढे जायला गुडघ्यांनी नकार दिला. बाहेर भोंगा वाजत होता. शाळेत असताना १९७१च्या युद्धात ऐकला होता तसाच, पोटात खड्डा पाडणारा. ही टॉर्नेडोची भूमी, हे विमानातच वाचून आलो होतो. त्यामुळे ताटातली आमटी तशीच टाकून मी लवाजम्यासकट खाली गेलो. लवाजमा म्हणजे मी आणि माझा चष्मा.

वरून जावईबापूंचा शांत आवाज आला, "बाबा, शनिवार आहे."

शनिवारी मारुतीला तेल वाहतात हे ठाऊक होतं, भोंगा वाहतात हे नवीन होतं. मग कळलं की ओक्लाहोमा सिटीत दर शनिवारी दुपारी बाराला टॉर्नेडोचे भोंगे नीट वाजतात की नाही ते तपासतात. हवा खराब असेल तर तपासणी रद्द, उगाच लोकांचा गोंधळ नको म्हणून.

"म्हणजे ऊन असताना वाजला तर जेवायचं आणि ढग असताना वाजला तर पळायचं," सौ.नी सार काढलं आणि माझ्या रिकाम्या खुर्चीसमोर भात वाढला. मी अजून खालीच होतो.

आमची ओळख झाली ती याच भोंग्यामुळे. आमची म्हणजे माझी आणि शेजारच्या गृहस्थांची. तीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले, म्हणून घरात त्यांचं नाव पडलं पोस्टमनकाका. माझं टेबलाखालचं निम्मं अंग त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. संध्याकाळी ते केळ्याचा केक घेऊन आले आणि म्हणाले, "पहिल्या शनिवारी सगळेच शिरतात. तुम्ही मागचा भाग बाहेर ठेवलात, तेवढं पुढच्या वेळी बघा."

पोस्टमनकाकांना हवामानाचं वेड. आपल्याकडे माणसाला क्रिकेटचं असतं, नाटकाचं असतं, कुणाला उगाच दुसऱ्याच्या लग्नातल्या जेवणाचं असतं. यांना ढगांचं. पोटापाण्यासाठी नव्हे, हौस. आणि ते एकटेच नाहीत. या मुलखात हौशी हवामानवाल्यांची एक जातच आहे. अंगणात पर्जन्यमापक, गच्चीवर वाऱ्याची भिरभिरी, खिशात रडार. दोघे भेटले की "काय, कसं काय?" न म्हणता "ड्यू पॉइंट किती?" म्हणतात. ड्यू पॉइंट म्हणजे आपला दवबिंदू. मराठी कवितेत आजवर तो गुलाबाच्या पाकळीवर निवांत पडून होता. इथे त्याला रोज सकाळी आकडा द्यावा लागतो. फॅरनहाइटमध्ये पासष्टच्या वर गेला की पोस्टमनकाका हात चोळतात, कारण मग हवेत वादळाला पुरेल इतकं बाष्प आहे.

मला त्यांनी रीतसर गंडा बांधला. गंडा म्हणजे त्यांचा जुना पर्जन्यमापक. चार इंच व्यासाचं प्लॅस्टिकचं नळकांडं, त्यात एक बारीक नळी. वरच्या नरसाळ्यातून पाणी त्या नळीत उतरतं आणि उंचीला दहापट होऊन दिसतं, त्यामुळे इंचाचा शंभरावा भाग मोजता येतो. देशभरातले हजारो लोक असली नळकांडी अंगणात लावून रोज सकाळी साताच्या सुमाराला आकडा कळवतात. या मंडळाचं नाव कोकोराझ. मला ते कोकणातल्या एखाद्या सरबताचं वाटलं. पण त्याचा उगम फार गंभीर आहे. २८ जुलै १९९७ला कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात असा पाऊस कोसळला, की गावाच्या एका टोकाला पूर आणि दुसऱ्या टोकाला कुणाला पत्ताच नाही. सरकारी मापकं थोडी आणि लांबलांब. मग १९९८ साली तिथल्या हवामानवाल्यांनी लोकांनाच म्हटलं, तुम्हीच मोजा.

"आणि पाऊस नसला तर?" मी विचारलं.

"तर शून्य कळवायचं. शून्याला फार किंमत आहे." हे सांगताना त्यांचा आवाज कातर झाला होता.

झालं, मी रोज सकाळी पावणेसातला उठून, पायजम्यावर कोट चढवून, मागच्या अंगणात जाऊन शून्य मोजायला लागलो. पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी सौ.नी खिडकी उघडून विचारलं, "वाढलं का?" चौथ्या दिवशी भांड्याच्या तळाशी मोजता येणार नाही एवढा ओलावा दिसला आणि मी हर्षाने जिन्यावरून ओरडत आलो. पोस्टमनकाकांनी फोनवर विचारलं, "ते दव तर नाही?" दवच होतं. गुलाबाच्या पाकळीवर जागा मिळाली नसावी.

पाचव्या दिवशी मात्र ११ शतांश इंच. आकाश निरभ्र, रात्रभर चांदणं, आणि माझ्या नळीत अकरा रेघा पाणी. मी कळवून टाकलं. नऊ वाजता पोस्टमनकाका दारात. त्यांच्या अंगणात शून्य, समोरच्या शाळेत शून्य आणि मध्ये चाळीस पावलांवर माझ्याकडे अकरा. त्यांचा चेहरा उजळला होता. अतिस्थानिक पाऊस! ते रडारची रात्रभराची चित्रं पुन्हापुन्हा मागेपुढे करून पाहत होते. तेवढ्यात सौ. हातात रबरी नळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जरा सरका, तुळशीला पाणी घालायचंय."

त्यानंतर पर्जन्यमापक तुळशीपासून पंधरा फूट लांब हलवण्यात आला. तुळस हलवण्याचा प्रस्ताव मांडायची माझी प्राज्ञा नव्हती.

खरं सांगायचं तर मी पुण्याचा. हवामानखातं आमच्या घरचं. सिमल्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली पुण्यात आलं, आणि इमारतीत सिमल्याचा बर्फाचा खडाही उरलेला नसताना आम्ही त्या चौकाला आजतागायत सिमला ऑफिस म्हणतो. वेधशाळा आपल्याच गावात असली की तिच्यावर विश्वास न ठेवण्याचा हक्क आपोआप मिळतो. "पाऊस पडणार नाही" असं तिनं सांगितलं की छत्री घ्यायची, ही पुण्याची परंपरा. एरवी आमची भिस्त पंचांगावर. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की पाऊस चांगला. पोस्टमनकाकांना हे मी सांगितलं तेव्हा ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "बेडकाची अचूकता किती टक्के?"

त्यांच्याकडेही दैवतं आहेतच. एक अमेरिकी, एक युरोपी, आणि एक घरगुती दैवत, ज्याच्या चार इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार हे लोक 'हर' असा करतात. ही संगणकावरची हवामानाची प्रतिकृती हर तासाला नवा अंदाज देते, म्हणून मला ते नाव फारच समर्पक वाटलं. वादळाच्या दिवशी गल्लीत हरनामाचा गजर चालतो. "हर काय म्हणते?" "सहाला म्हणते." "आत्ता?" "आत्ता साडेसात म्हणते." लग्नाच्या वरातीबद्दलही आमच्याकडे असंच बोलतात.

इथली खरी कसोटी भाषेची. इथून अर्ध्या तासावर नॉर्मन गावात साऱ्या देशाच्या वादळांचं भाकीत करणारं केंद्र आहे. ते धोक्याच्या पाच पायऱ्या सांगतं. पहिली किरकोळ, दुसरी थोडा, तिसरी वाढीव, चौथी मध्यम आणि पाचवी उच्च. पुन्हा वाचा. मध्यम चौथी आहे. आमच्याकडे मध्यम म्हणजे हॉटेलातली भाजीची तिखटाची पातळी. इथे मध्यम म्हणजे तळघरात जा. सौ.नी टीव्हीवर 'मध्यम धोका' वाचून गच्चीत कुरडया वाळत घालायला काढल्या होत्या. लेकीनं त्या पळत जाऊन आत आणल्या.

तसंच 'वॉच' आणि 'वॉर्निंग'. वॉच म्हणजे वादळ येण्यासारखी हवा आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे आलंच, लपा. आणि टीव्हीवर गावांची नावं क्वचित, सगळा कारभार काउंट्यांचा. आपण कुठल्या काउंटीत आहोत आणि पश्चिमेला कोण, हे पाठ नसेल तर तुम्ही इथे अडाणी. मी सोळा सोमवारसारखी रोज उजळणी केली. कॅडो, मग ग्रेडी, मग क्लीव्हलंड. एका रात्री पडद्यावर लाल अक्षरात आलं, कॅनेडियन काउंटीत टॉर्नेडोची वॉर्निंग. सौ.नी विणकामातून मान वर न करता म्हटलं, "कॅनडात आहे ना? मग तुम्ही का बूट घालताय?" कॅनेडियन काउंटी आमच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

गॅरेजच्या फरशीखाली पोलादी पेव पुरलेलं आहे. वरचं झाकण सरकवून सहा माणसं खाली बसू शकतात. गारवा, अंधार आणि कोरडी हवा पाहून सौ.नी पहिल्याच आठवड्यात तिथे कैरीच्या लोणच्याच्या दोन बरण्या ठेवल्या. आता पाच माणसं बसू शकतात.

मी हौशी निरीक्षकांच्या वर्गालाही जाऊन आलो. स्कायवॉर्न नावाचा सरकारी कार्यक्रम आहे. दोन तासांचा वर्ग, फुकट, वर बिस्किटं. शिकवतात काय, तर ढग नुसता लोंबतोय की खरंच फिरतोय ते ओळखायला. भीतिदायक दिसणारे ढग पुष्कळ असतात. दर वर्षी कुणीतरी शेताच्या टोकाला टॉर्नेडो पाहतो आणि तो निघतो धुराचा किंवा पावसाच्या पडद्याचा. दिसलं ते सांगा, वाटलं ते सांगू नका, असा नियम. पुण्यात हा नियम लागू केला तर कट्ट्यांवर स्मशानशांतता पसरेल.

गारांचं माप तर नाण्यांत आणि चेंडूंत. पेनी, क्वार्टर, गोल्फचा चेंडू, बेसबॉल. एक इंची, म्हणजे क्वार्टर नाण्याएवढी गार पडली की वादळ सरकारी दप्तरी तीव्र ठरतं. २०१०च्या आधी पाऊण इंचावर भागत होतं. मला ही नाणी काही केल्या लक्षात राहिनात, म्हणून मी स्वतःचं कोष्टक केलं. वाटाणा, बोर, सुपारी, लिंबू आणि, देव न करो, मोसंबं. पोस्टमनकाकांना सुपारी म्हणजे काय ते दाखवायला मी अडकित्ता काढला. त्यांनी एक खांड चावून पाहिलं आणि गार बरी, असं मत दिलं.

आता जरा अडचणीचं बोलतो. या सगळ्या मंडळींच्या तोंडी एकच वाक्य असतं, "आपल्याकडे न आलेलं बरं." हे खोटं आहे. तोंडानं टळो म्हणतात आणि डोळे लागलेले असतात वाटेकडे. वादळ उत्तरेला वळलं की दिलासा मिळायला हवा, पण चेहरे पाहा, मुलगी पाहायला आलेले स्टेशनवरूनच परत गेले असे होतात. प्रत्येकाला वादळ हवं असतं. पाऊस माझ्या मापकात, गार शेजाऱ्याच्या छपरावर, आणि टॉर्नेडो दूर माळावर, कुणालाही न लागता, छायाचित्रापुरता.

टॉर्नेडो मात्र असा ऐकत नाही. जवळच मूर नावाचं गाव आहे. तिथे २० मे २०१३ला टॉर्नेडो शिरला आणि २४ माणसं गेली. त्यांत एका शाळेतली सात मुलं होती. अकराच दिवसांनी एल रीनोजवळ चार किलोमीटरहून रुंद टॉर्नेडो झाला, त्यात टिम सॅमरास गेले. सारी हयात त्यांनी टॉर्नेडोच्या वाटेत उपकरणं मांडली होती आणि त्या दिवशी सोबत त्यांचा मुलगाही होता. पोस्टमनकाका मूरमध्येही टपाल वाटत असत. त्या आठवड्याबद्दल ते एवढंच म्हणाले, "पत्ते होते, घरं नव्हती." मग ते उठून मापक पुसायला गेले, जे स्वच्छच होतं.

तर त्या दिवसाची गोष्ट. एप्रिलचा शेवटचा आठवडा. तीन दिवस आधीपासून नकाशावर कोल्ड फ्रंट येत होता. निळ्या रेघेला निळे त्रिकोण, मांडवाच्या पताकांसारखे. फ्रंट हा शब्द लष्करी. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, तेव्हा नॉर्वेतल्या बर्गनमधल्या शास्त्रज्ञांना थंड आणि गरम हवेची गाठ जिथे पडते ती रेषा रणांगणावरच्या आघाडीसारखी वाटली, म्हणून हे नाव. थंड हवा जड. ती जमिनीलगत पाचरीसारखी घुसते आणि पुढची गरम दमट हवा वर उचलून टाकते. वर गेली की ढग, ढगातून वीज. आपल्याकडे उत्तरेला हिमालय दाराला अडसर लावून बसलाय. इथे कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत आडवा म्हणून एक डोंगर नाही, नुसतं मैदान. वर गोठलेला प्रदेश, खाली उबदार समुद्र, आणि मधे माझ्या लेकीचं घर.

त्या दिवशी धोका 'वाढीव', म्हणजे तिसरी पायरी. दक्षिणेचा वारा असा की कचऱ्याचे डबे स्वतःहून फिरायला निघाले. ड्यू पॉइंट सदुसष्ट. पोस्टमनकाकांनी सकाळपासून दाढी केली नव्हती. दोन वाजता गल्लीतली मंडळी आपापल्या गाडीच्या उतारावर उभी. पश्चिमेकडे पाहायचं, फोनकडे पाहायचं, पुन्हा पश्चिमेकडे. सगळ्यांच्या तोंडी एकच चिंता, कॅप. जमिनीपासून काही हजार फुटांवर गरम कोरड्या हवेचा थर बसतो, तो खालची वाफ वर जाऊ देत नाही. मी सांगितलं, "म्हणजे कुकरचं झाकण." हे त्यांना फार आवडलं. मग दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, "शिट्टी झाली का?"

तीनला पोस्टमनकाकांचा हुकूम आला, मापकं आत घ्या. मागच्या वर्षी लिंबाएवढ्या गारेनं त्यांचं एक फुटलं होतं, त्याआधी एक. मी माझं नळकांडं काढून टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं. सौ. म्हणाल्या, "पाऊस मोजायचं भांडं पावसाच्या भीतीनं आत?" प्रश्नात तथ्य होतं, म्हणून मी उत्तर दिलं नाही. शिवाय मला दुसरं काम दिलेलं होतं, गॅसवरच्या दुधाकडे लक्ष ठेवायचं.

पाच वाजता पश्चिमेला शिट्टी झाली. कॅडो काउंटीत रडारवर हिरवा ठिपका उमटला, त्याचा पिवळा झाला, लाल झाला, मध्यभागी जांभळा. हिरवा म्हणजे भिजाल, पिवळा म्हणजे छत्री उलटेल, लाल म्हणजे गाडी आत घ्या, जांभळा म्हणजे गाडी गेली. आकाशात ढगाचा माथा वर जाऊन ऐरणीसारखा सपाट पसरला. काय दिसत होतं म्हणून सांगू! मी फोन घेऊन उतारावर धावलो. चित्र दर चार-पाच मिनिटांनी बदलायचं, आणि मधल्या चार मिनिटांत माणसाला दुसरं काही सुचत नाही. अशी किती चित्रं गेली देव जाणे. मग घरातून भोंगा वाजला.

तो धुराचा भोंगा होता. दूध करपलं होतं.

सौ. काही बोलल्या नाहीत. धुराचा भोंगा बंद होईना, तेव्हा त्यांनी करपलेलं पातेलं उचललं, नळाखाली धरून पाणी घातलं आणि मागच्या अंगणात नेऊन आदळलं. तो आवाज गल्लीत काहींनी गडगडाट म्हणून नोंदवला.

आणि वादळानं काय केलं? ग्रेडी काउंटीत आलं आणि दुभंगलं. एक तुकडा उत्तरेला, एक दक्षिणेला, मधून आम्ही कोरडे. लांब वीज चमकायची, आम्ही सेकंद मोजायचो. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस मोजले, साठ मोजले, मग आवाजच येईना. साडेआठला फ्रंट आला. वारा फिरला, उत्तरेचा झाला, अर्ध्या तासात पारा धाडकन वीस अंश उतरला, आणि मला माकडटोपी काढावी लागली. पाऊस नाही. लोक "सुटलो बुवा" म्हणत मान खाली घालून घरात गेले. पोस्टमनकाका शेवटपर्यंत उभे होते. मग तेही म्हणाले, "फ्रंट गेला की संपलं."

रात्री दोन वाजता घराच्या छपरावर कुणी खडीचा ट्रक ओतला. फ्रंटच्या मागेही वादळं उठतात. खाली थंड हवेचा गालिचा पसरतो आणि त्याच्यावरून गरम हवा घसरत वर चढते, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की बोराएवढ्या गारा, आणि मग तासभर असा पाऊस की खिडकीतून तुळस दिसेना. आम्ही पाचजण आणि लोणच्याच्या दोन बरण्या गॅरेजमधे उघड्या झाकणापाशी बसून होतो. मोसमातला पहिला खरा पाऊस. मी आनंदात होतो. मग एकदम आठवलं, नळकांडं कपाटात, टॉवेलात.

सकाळी सात वाजता पोस्टमनकाका कुंपणापाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांचंही आतच होतं. वीस वर्षांच्या त्यांच्या नोंदवहीत एक दिवस गाळलेला नव्हता. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या मागे गेली. अंगणाच्या मधोमध, आजूबाजूला झाड नाही, भिंत नाही, अगदी नियमाबरहुकूम जागी, आमचं दुधाचं पातेलं. उभ्या बाजू, सपाट बूड. काठोकाठ नाही, पण चांगलं भरलेलं.

पोस्टमनकाका खिशातून पट्टी काढून कुंपण ओलांडून धावले. गुडघ्यावर बसले, श्वास रोखून पट्टी बुडवली. तीन इंच पंचवीस शतांश. त्यांचे डोळे पाणावले होते, की ते पावसाचं असेल. मग त्यांनी विचारलं, आधी यात पाणी किती होतं?

मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळलो. "अगं, काल पातेल्यात पाणी किती घातलं होतंस?"

"अंदाजे," आतून आवाज आला.

पोस्टमनकाका वही उघडून, पेन्सिल टेकवून, मी भाषांतर करायची वाट पाहत होते.